36 माणसं, 9 गाड्या आणि ओळखींचं जाळं: गट पाडायला अल्गोरिदम कुठला घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातच एम.ई. करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय की मंजुसर जीआयडीसी ह्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शहरातून रोज जाणारी 36 माणसं आहेत, त्यातल्या 9 जणांकडे गाडी आहे, कोण कोणाला ओळखतं ह्याचा ग्राफ (म्हणजे ओळखींचं जाळं) तिच्याकडे आहे, आणि एका गाडीत जास्तीत जास्त 5 जण असे गट पाडायचेत की सगळ्यांचा मिळून खर्च कमीत कमी व्हावा. सगळ्या शक्य वाटण्या तपासणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला, 13 माणसांवर चालला, 15 वर लटकला. गाइड म्हणाले लूव्हेन (जाळ्यातले दाट घोळके शोधणारा अल्गोरिदम) लावून बघ. तर सगळ्यात चांगला अल्गोरिदम कुठला, आणि ओळखींचा ग्राफ खरंच लागतो का की नुसत्या घराच्या पत्त्यांवर भागेल?

काका म्हणून विचारलंयस म्हणून एकेरीत लिहितोय. मी गेली 18 वर्षं बडोद्यात ह्याच प्रकारची कामं करतोय, शिफ्ट लावणं, गाड्या लावणं, माणसांचे गट पाडणं, त्यामुळे उत्तर थोडं लांब होईल.

आधी प्रोग्रॅम का लटकला ते बघू. n माणसांच्या गटांमधे किती प्रकारे वाटण्या होतात ते बेल नंबर सांगतो. 13 ला तो 2 कोटी 76 लाखांच्या आसपास आहे, 15 ला 138 कोटी, आणि 20 ला सुमारे 51 लाख 72 हजार कोटी. तुझा कोड वाईट नाहीये, हा रस्ताच बंद आहे. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगनं (छोट्या गटांची उत्तरं साठवून त्यावरून मोठ्यांची काढायची) काम 3 चा n वा घात इतक्यावर येतं, म्हणजे 20 माणसांना साधारण 349 कोटी स्टेप, ते चालून जातं, पण 36 ला तेही विसर. आणि गटांच्या किमतीबद्दल काहीच माहिती नसेल तर 'निदान इतकं तरी चांगलं उत्तर मिळेल' अशी गॅरंटीसुद्धा महाग पडते. टुओमास सँडहोम ह्या संशोधकानं आणि मंडळींनी 1999 मधे दाखवलं की कुठलीही गॅरंटी हवी असेल तर किमान 2 चा (n-1) वा घात इतक्या वाटण्या बघाव्याच लागतात आणि तेवढं करून हातात येतं ते सर्वोत्तमाच्या 1/n. तुझ्या 36 माणसांसाठी म्हणजे जवळजवळ 3436 कोटी वाटण्या बघायच्या आणि खात्री कशाची, तर छत्तिसाव्या हिश्शाची. म्हणून 'जनरल' अल्गोरिदम शोधूच नकोस. तुझ्या प्रश्नात जे खास आहे, गाडीतल्या सीटा आणि ओळखींचं जाळं, त्याचाच फायदा घ्यायचा.

सीटांचा फायदा लगेच दिसतो. 36 मधून 5 किंवा त्याहून कमी जणांचे गट किती? 4,43,703. इथेच बेल नंबरचं भूत निम्मं उतरलं. आता ह्यातले फक्त तेच गट ठेव जे ओळखींच्या ग्राफवर जोडलेले आहेत, म्हणजे गटातल्या गटात ओळखीनं एकाकडून दुसऱ्यापर्यंत पोचता येतं. ही कल्पना रॉजर मायर्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाची, 1977 ची: जे एकमेकांशी बोलू शकतात तेच एकत्र येऊ शकतात, ग्राफवर तुटलेला गट म्हणजे गटच नाही. ह्यानं किती फरक पडतो हे ग्राफच्या आकारावर आहे आणि इथे बरेच लोक गडबड करतात, त्यांना वाटतं एज (दोघांना जोडणारी ओळखीची रेघ) कमी म्हणजे काम कमी. 36 माणसं एका रांगेत, प्रत्येकाला फक्त पुढचा आणि मागचा माहीत, तर चालणारे गट फक्त 170. तीच 36 माणसं आणि एज तितक्याच 35, पण सगळे एकाच माणसाला ओळखतात, चांदणीसारखा ग्राफ, तर गट 59,571. एजची संख्या सारखी आणि गट साडेतीनशे पट. त्यामुळे तुझ्या ग्राफमधे 'सगळ्यांना ओळखणारी' किती माणसं आहेत ते आधी मोज, कॅन्टीनवाला, टाइम ऑफिसवाला असले लोक, तेच गणित फुगवतात.

आता थेट उत्तर, तुझ्या आकाराला मी काय करीन. जोडलेले, 5 पर्यंतचे, आणि ज्यात निदान एक गाडीवाला आहे असे सगळे गट मोजून काढीन, शिवाय एकट्या माणसाचा 'गट' पण ठेवीन (जो उरेल तो कंपनीच्या बसनं जाईल, त्याचा खर्च लाव). प्रत्येकाची सरासरी चार-पाच ओळख असेल तर असे गट काही हजारच निघतात. मग प्रत्येक गट एक कॉलम, प्रत्येक माणूस एक ओळ, अट एकच की प्रत्येक माणूस बरोब्बर एका गटात यायला हवा, आणि एकूण खर्च कमीत कमी. ह्याला सेट पार्टिशनिंग म्हणतात, सीबीसी किंवा ओआर-टूल्ससारखा फुकटातला सॉल्व्हर (असं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) एवढ्या आकाराचं खरंखुरं ऑप्टिमल उत्तर साध्या लॅपटॉपवर काढून देतो. ह्यापेक्षा भारी काही लावायची 36 माणसांना गरज नाही, थिसिसमधे नवीन नाव दिसावं म्हणून तर अजिबात लावू नकोस.

माणसं 300-400 झाली की गोष्ट बदलते. तिथे मी एज मिटवत जाणारी पद्धत घेतो: एक एज उचल, एक तर तिची दोन्ही टोकं एकत्र करून एक गट बनव, नाहीतर 'ही दोघं एकत्र नाहीत' अशी खूण कर आणि पुढे जा, असं झाड पसरत जातं आणि प्रत्येक चालणारी वाटणी त्यात एकदाच येते, मधेच थांबवलंस तरी तोपर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर हातात असतं. बिस्टाफ्फा, फारिनेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत गाडी शेअर करण्याच्या प्रश्नावर वापरली, 2017 मधे त्यावर त्यांचा मोठा पेपर आहे, तुझ्या विषयाच्या अगदी जवळचा, तो वाचच. गाडीवाले कमी असतील तर आणखी एक युक्ती: सुरुवात दुर्मिळ गोष्टीपासून कर. लॅपास, लिऊ आणि तेर्झी ह्यांनी 2009 मधे सोशल नेटवर्कमधून तज्ज्ञांची टीम निवडायला हेच केलं होतं, जे कौशल्य सगळ्यात कमी लोकांकडे आहे तिथून सुरू करायचं आणि मग जवळची माणसं जोडायची. ते एकच टीम शोधत होते, तुला सगळ्यांना वाटायचंय, पण सुरुवातीचं उत्तर म्हणून 9 गाडीवाल्यांपासून वाढवलेले गट चांगले पडतात.

लूव्हेनबद्दल. गाइडशी भांडू नकोस, पण लूव्हेन (2008) तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते मॉड्युलॅरिटी वाढवतं, म्हणजे कुठल्या घोळक्यात आतली ओळख अपेक्षेपेक्षा जास्त दाट आहे ते बघतं. त्याला पेट्रोल कळत नाही, सीटा कळत नाहीत, गाडी कोणाकडे आहे ते कळत नाही, 14 जणांची कम्युनिटी काढून देईल आणि तू बसशील तोडत. शिवाय 2019 मधे लायडन अल्गोरिदमवाल्यांनी दाखवलं की लूव्हेनच्या काही कम्युनिट्या आतून तुटलेल्याही निघू शकतात, आणि तुझी तर पहिली अटच जोडलेलं असण्याची आहे. हजारो माणसांचं जाळं आधी ढोबळ तुकड्यांत पाडायला वापर (शक्यतो लायडन), मग प्रत्येक तुकड्यात वरचं गणित. घोळका म्हणजे कोअलिशन (फायद्यासाठी एकत्र आलेला गट) नव्हे, हे एक वाक्य गाइडना उदाहरणासकट दाखव, पटेल त्यांना.

इथपर्यंतचं कुठेही वाचायला मिळेल. मला जे कळकळीनं सांगायचंय ते पुढे आहे, कारण माझा स्वतःचा एक प्रोजेक्ट ह्याच्यावर आपटलाय.

मंजुसरच्याच बाजूच्या एका कारखान्याचं काम होतं, माणसं तुझ्याइतकीच, 36. ओळखींचा ग्राफ म्हणून मी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घेतला, सगळे एकाच ग्रुपमधे, म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात, विषय संपला. गट काढले, कागदावर बचत उत्तम. तिसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या म्हणून एका सकाळी पावणेसातला मी अमितनगर सर्कलला जाऊन उभा राहिलो. चौघं जण होते, चार वेगवेगळ्या ठिकाणी. एक पानाच्या टपरीपाशी, एक बस स्टँडच्या कट्ट्यावर, एक जण बाइकवरच बसलेला, चौथा रस्त्यापलीकडे गाडीत, गाडी त्याचीच. सगळ्यांच्या हातात फोन आणि कोणी कोणाला फोन करत नव्हतं. का, तर क्वालिटीतल्या एक मॅडम रोज सगळ्यांना फोन करून गोळा करायच्या आणि त्या दिवशी त्या रजेवर होत्या. दहा मिनिटं वाट बघून गाडीवाला एकटाच निघून गेला. त्याला बाकीच्यांची नावं माहीत होती, पण त्यांना हाक मारावी इतकी ओळख नव्हती. मी ज्याला पाच जणांचा पक्का जोडलेला गट समजत होतो तो खरं म्हणजे एका माणसाभोवतीची चांदणी होता.

त्यानंतर मी ग्राफ बनवायचा प्रश्न बदलला. आता प्रत्येकाला यादी देतो आणि विचारतो, 'उद्या सकाळी सहाला तुमची गाडी बंद पडली तर ह्यातल्या कोणाला बिनधास्त फोन कराल?' दोघांनीही एकमेकांचं नाव लिहिलं तरच एज. त्याच कारखान्यात ग्रुपच्या हिशोबानं 630 एज होत्या, ह्या प्रश्नानंतर 71 उरल्या. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, ओळखींचा ग्राफ लागतोच, पण तो कसा गोळा केलायस ते आधी सांग, कारण एज चुकीच्या असतील तर पुढचा अल्गोरिदम कितीही अचूक असो, चुकीच्याच प्रश्नाचं अचूक उत्तर देईल.

आता पैशाचं. एकूण खर्च कमी झाला म्हणून गट टिकतो असं नाही, आतल्या दोघांना वाटलं की आपण दोघंच गेलो तर जास्त फायदा आहे, की संपलं. एक छोटं उदाहरण हातानं करून बघ. अनिल, भारती, चेतन. एकट्यानं जायचा खर्च प्रत्येकी 200 रुपये. कोणीही दोघं एकत्र गेले तर दोघांचे मिळून 160, म्हणजे बचत 240. तिघं गेले तर तिसऱ्याला घ्यायला वाट वाकडी करावी लागते म्हणून एकूण 300, बचत 300. तिघांनी जाणंच सगळ्यात स्वस्त. पण तिघंही एकमेकांना ओळखत असतील तर बचतीच्या 300 ची अशी वाटणीच होत नाही की कोणीही दोघं फुटणार नाहीत. प्रत्येक जोडीला निदान 240 हवेत, तीन जोड्या मिळून 720, त्यात प्रत्येक माणूस दोनदा आला म्हणजे तिघांना निदान 360 हवेत, आणि आहेत 300. ह्यालाच कोअर रिकामा असणं म्हणतात. 100-100 वाटलेस तर अनिल-भारती फुटून 120-120 घेतील, मग चेतन भारतीला 130 देऊ करेल, आणि हे थांबतच नाही.

आता फक्त एक एज काढ. अनिल आणि चेतन एकमेकांना ओळखत नाहीत, दोघंही भारतीला ओळखतात. म्हणजे ते दोघं जोडीनं फुटून जाऊच शकत नाहीत. आता अनिलला 60, भारतीला 180, चेतनला 60 दिले तर अनिल-भारती मिळून 240, भारती-चेतन मिळून 240, फुटून कोणाला काहीच जास्त मिळत नाही. गट टिकला. माणसं तीच, पैसे तेच, एक ओळख कमी झाली आणि स्थिर वाटणी तयार झाली. मायर्सनच्या पद्धतीनं (जोडलेल्याच गटांवर शॅप्ली व्हॅल्यू, म्हणजे कोणाच्या येण्यानं सरासरी किती फायदा वाढतो तेवढा त्याचा वाटा) मोजलंस तरी इथे हेच 60, 180, 60 येतात. गॅब्रिएल दमांजनं 2004 मधे हे मोठ्या स्वरूपात सिद्ध केलंय, ओळखींच्या जाळ्यात कुठे लूप नसेल, झाडासारखं असेल, आणि गट एकत्र आल्यानं एकूण फायदा कमी होत नसेल, तर स्थिर वाटणी असतेच.

आणि इथेच ती खरी गाठ आहे जी मला अमितनगर सर्कलला कळली आणि जी तुझ्या थिसिसमधे यावी असं मला मनापासून वाटतं. साखळी पैशाच्या बाबतीत टिकाऊ, पण भारती रजेवर गेली की अनिल आणि चेतन आमच्या त्या चौघांसारखे रस्त्याच्या दोन बाजूंना उभे. त्रिकोण रजेला टिकतो, कोणीही एक नसला तरी उरलेले दोघं एकमेकांना फोन करतील, पण पैशाची ओढाताण मिटत नाही. एकच एज, एका प्रकारच्या तुटण्यापासून वाचवते आणि दुसऱ्या प्रकारचं तुटणं उघडून देते. कुठलं तुटणं जास्त महाग आहे हे अल्गोरिदम ठरवू शकत नाही, ते परिस्थितीवर आहे. जिथे रोजचं येणं-जाणं आहे आणि रकमा लहान आहेत तिथे मी रजेची काळजी आधी करतो: गट मोजतानाच तपासतो की कोणताही एक माणूस काढला तरी बाकीचे जोडलेले राहतात का (पाच जणांचा गट, पाच वेळा बीएफएस, म्हणजे एकापासून ओळखीओळखीनं कुठवर पोचता येतं ते बघणं, काही वेळ लागत नाही) आणि न टिकणारा गट एकदम टाकून न देता त्याच्या खर्चात दंड घालतो. जिथे रकमा मोठ्या, जसे मकरपुऱ्यातले छोटे वर्कशॉपवाले मिळून स्टील घेतात, तिथे उलट, आधी वाटणी स्थिर हवी, कारण तिथे एक जण फुटला की लाखांचा प्रश्न होतो आणि रजा वगैरे गौण.

एक गोष्ट मात्र सांगतो, भारतीला 180 म्हणजे ती 20 रुपये देणार आणि बाकीचे 140-140, हे लोकांना तोंडावर सांगितलं की पचत नाही. मी सांगताना क्रम उलटा करतो, आधी विचारतो की रोज सगळ्यांना फोन करून गोळा करायचं काम कोण घेतं, तिला किती सूट द्यायची, आकडा लोकच सुचवतात. बहुतेक वेळा तो मायर्सनच्या आकड्यापेक्षा कमी असतो पण दिशा तीच, आणि तेवढ्यानं भागतं, कारण फुटायलाही कष्ट पडतात, नवीन गाडी शोधा, बॉसला सांगा, दहा-वीस रुपयांसाठी कोणी करत नाही. मॉडेलमधे हे घालायचं असेल तर फुटण्याचा एक छोटा खर्च धर, मग वरच्या त्रिकोणातसुद्धा माणशी 20 रुपये फुटण्याचा खर्च धरलास तर 100-100 टिकतं, हिशोब करून बघ.

पैसे वाटताच येत नसतील, म्हणजे कंपनीच गाडी देतेय आणि प्रश्न फक्त कोणाला कोणाबरोबर बसायचंय एवढाच, तर तो हेडॉनिक गेम झाला, वेगळी जात. तिथे एकच गोष्ट बघ, आवड दोन्ही बाजूंनी सारखी आहे का. सारखी असेल आणि गटाची आवड म्हणजे जोड्यांची बेरीज असेल, तर एकेक माणसाला त्याच्या सोयीच्या गटात हलवत राहिलं तरी प्रक्रिया कधीतरी थांबते, कारण प्रत्येक हलण्यानं एकूण बेरीज वाढतेच. सारखी नसेल तर दोन माणसांतच घोळ होतो: एकाला सोबत गप्पा मारायला दुसरा हवा, दुसऱ्याला शांत झोपायचंय, हा त्याच्या गाडीत जातो, तो दुसरीकडे, परत हा मागे, कधीच थांबत नाही. म्हणूनही मी 'दोघांनी नाव लिहिलं तरच एज' ठेवतो.

तू तुझा ग्राफ कसा गोळा केलास ते लिही, किती एज आहेत, आणि सगळ्यात जास्त ओळखीच्या तीन माणसांना किती एज आहेत तेवढं सांग. नावं नकोत. त्यावरून 5 पर्यंतचे गट साधारण किती निघतील आणि सॉल्व्हर पुरेल की एज मिटवायच्या पद्धतीकडे जावं लागेल ते मी तुला लगेच सांगू शकेन. आणि जमलं तर त्यातल्या एखाद्या पिकअपच्या ठिकाणी एक सकाळ स्वतः जाऊन उभी राहा, साडेसहाला पोच, सात वाजेपर्यंत थांब, कोण कोणाला फोन करतं ते वहीत टिपून घे.